‘नीट बस’ म्हणजे नेमके कसे?

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचताना तुम्ही कसे बसला आहात? आहात तसेच राहा आणि स्वतःकडे पाहा. कोणी मांडी घातली असेल, कोणी एक गुडघा पोटाशी घेऊन भिंतीला टेकला असेल. कोणी चक्क पालथे पडून वाचत असेल. बहुतेकांची पाठ थोडीतरी वाकलेली असेल. अशा वेळी घरातले कोणी मोठे माणूस दारातून आत आले, तर पहिले शब्द कोणते ऐकू येतील हे तुम्हाला ठाऊकच आहे. “नीट बस!”

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात माझ्या परिचयाचे एक घर आहे. त्या घरातला सातवीतला मुलगा ओसरीवर सतरंजी टाकून गृहपाठ करी. वही जमिनीवर आणि नाक वहीवर! आजी येता-जाता त्याच्या पाठीत हलकीशी चापट मारी. “सिधा बस ना रे पोट्ट्या, पाठीले कुबड येईन!” पोरगा ताठ होई आणि दोन मिनिटांत पुन्हा वाके. वडील रागावत. एका पाहुण्यांनी तर त्याला आळशी ठरवून टाकले. असे वर्षभर चालले. मग गावात नेत्रतपासणी झाली, तेव्हा कळले की वीतभर अंतरापलीकडचे अक्षर त्याला अंधुक दिसत होते. त्याला चष्मा मिळाला आणि नाक वहीवरून उठले. पाठ अजूनही थोडी वाकतेच, पण त्या वर्षात फळ्यावरचे जे त्याला दिसले नाही ते मात्र गेले ते गेलेच.

घरातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. सर्वांना मुलाची काळजीच होती. पण सर्वांनी पाठीचा आकार पाहिला. ती का वाकली आहे, हे कोणी विचारले नाही. म्हणून आज दोन प्रश्न वेगवेगळे करून पाहू. वाकून बसल्याने खरोखर किती बिघडते? आणि मूल वाकून बसलेले दिसले तर मोठ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे कणा सरळ नसतोच. मुलांच्या कण्यात 33 मणके असतात. त्यांतले खालचे नऊ वय वाढते तसे एकमेकांना जुळून जातात. बाजूने पाहिले तर निरोगी कणा मानेशी आत, पाठीशी बाहेर आणि कमरेशी पुन्हा आत वळलेला असतो. या वळणांमुळे तो स्प्रिंगसारखा लवतो. म्हणजे ज्याला आपण ‘ताठ’ म्हणतो, तोही एक वळणदार आकारच आहे.

मग कुबडाची एवढी भीती कोठून आली? आजीची भीती पोकळ नव्हती. तिच्या लहानपणी कुबड आलेली माणसे गावोगाव दिसत. परंतु त्यांतल्या अनेकांचे कुबड बसण्याने आलेले नसे. ते कण्याच्या क्षयरोगाने आलेले असे. या रोगात मणका पोखरला जाऊन खचतो आणि पाठीला टेंगूळ येते. कुपोषणामुळे होणारा मुडदूस हेही एक कारण होते. डोळ्यांना मात्र वाकून बसणारे मूल आणि कुबड आलेला म्हातारा एवढेच दिसे, आणि मन त्या दोहोंची सांगड घालून टाकी.

असे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. 1741 मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगांवर एक ग्रंथ लिहिला. ‘सरळ’ आणि ‘मूल’ अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने त्या ग्रंथाचे नाव घडवले. आज अस्थिरोगशास्त्राला आपण ‘ऑर्थोपेडिक्स’ म्हणतो, तो शब्द त्यातूनच आला. त्या ग्रंथातले एक चित्र प्रसिद्ध आहे. एक वाकडे झाड सरळ खुंटाला दोरीने बांधले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत श्रेबर नावाच्या वैद्याने मुलांना लिहिताना पुढे झुकू न देणारा दांडा तयार केला. शाळेतल्या बाकांमुळे मुलांचे कणे वाकडे होतात, असे त्या काळी पुष्कळ डॉक्टर मानत. आता आपल्याला ठाऊक आहे की वाढत्या वयात कणा एका बाजूला वळण्याचा जो विकार काही मुलामुलींत दिसतो, तो बाकावर वाकडे बसल्यामुळे होत नाही.

पण वाकल्याने मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब येत असेलच ना? हा प्रश्न योग्य आहे, आणि शास्त्रज्ञांनी तो दाब प्रत्यक्ष मोजला आहे. स्वीडनच्या नाकेमसन यांनी 1960 नंतरच्या काळात चकतीत सुई घालून मापे घेतली. उभे राहण्यापेक्षा बसण्यात दाब अधिक असतो, असे त्यांना आढळले. 1999 मध्ये जर्मनीच्या विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक सुधारलेले साधन वापरून पुन्हा मोजमाप केले. तेव्हा उभे राहणे आणि सैल बसणे यांतला दाब जवळजवळ सारखाच निघाला. खुर्चीत पाठ टेकून आरामात घसरून बसल्यावर तर तो आणखी कमी झाला! ही दुसरी मोजणी एकाच माणसावर झाली होती, म्हणून तिच्यावर मोठा इमला रचू नये. पण ‘घसरून बसणे म्हणजे चकत्यांचा नाश’ असे बेधडक म्हणता येत नाही, एवढे तिने दाखवले. वाकून बसणाऱ्या मुलांची पाठ पुढे दुखतेच, असे आजवर सिद्ध झालेले नाही.

तर मग कसेही बसले तरी चालेल का? थांबा. एक प्रयोग करा. उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर सरळ धरा आणि घड्याळ लावा. हातात काहीही घेऊ नका. थोड्याच वेळात हात जड होईल, खांदा भरून येईल. हात काही चुकीच्या आकारात नव्हता. तो फक्त हालत नव्हता. सतत आवळलेल्या स्नायूत रक्त मोकळेपणी खेळत नाही, म्हणून तो थकतो. पाठीचेही असेच आहे. तासभर ताठ बसणारा तासभर वाकून बसणाऱ्याइतकाच अवघडतो.

दुसरा प्रयोग घरी करा. सकाळी उठल्याबरोबर भिंतीला टेकून उंची मोजा आणि रात्री निजण्यापूर्वी पुन्हा मोजा. सुमारे सेंटिमीटरभर फरक सापडेल. दिवसभराच्या भाराने चकत्यांतले थोडे पाणी बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत भरते. म्हणजे कणा हा दगडी खांब नाही. त्याला भार आणि विसावा आलटून पालटून लागतात. तुम्ही वर्गात चुळबुळ करता, मांडी मोडून उकिडवे होता, पुन्हा मांडी घालता, ते उगीच नसते. शरीर आपले काम करीत असते.

आणि आपल्याकडे बसायचे प्रकार तरी किती! मांडी घालणे, उकिडवे बसणे, फतकल मारणे, पाय दुमडून बसणे, एक गुडघा उभा ठेवून बसणे. गॉर्डन ह्यूज या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने 1955 मध्ये जगभरातल्या लोकांच्या बसण्या-उभे राहण्याच्या सवयींची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात असे शेकडाभर प्रकार दाखवले आहेत. यांतला एकच ‘नीट’ आणि बाकीचे वाकडे, असे कोणी ठरवावे?

पाठ वाकते त्याचे कारण पुष्कळदा मुलात नसून जागेत असते. वही जमिनीवर ठेवून लिहा आणि मित्राला डोळ्यापासून वहीपर्यंतचे अंतर मोजायला सांगा. मग वही पाटावर किंवा विटांवर ठेवलेल्या फळीवर ठेवून पुन्हा मोजा. अंतर वाढेल, पाठ आपोआप वर येईल. जुन्या पेढ्यांवरचे दिवाणजी गादीवर मांडी घालूनच बसत. पण खतावणी लिहिण्यासाठी त्यांच्यापुढे उतरत्या झाकणाची बुटकी पेटी असे. मुंबईच्या ‘आरंभ’ या संस्थेने काही वर्षांपूर्वी हीच गोष्ट ओळखली. टाकाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यापासून तिने असे दप्तर केले की उघडून उभे केले की त्याचे उतरते मेज व्हावे. ते जमिनीवर बसून शिकणाऱ्या मुलांना वाटण्यात आले. मुलांना रागावण्यापेक्षा पुठ्ठ्याने जास्त काम केले!

आता थोडे स्पष्ट बोलतो. ‘नीट बस’ हे शब्द नेहमी पाठीसाठी उच्चारले जात नाहीत. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा कण्यासाठी नसून शांततेसाठी असते. मुलींना ‘पाय जवळ घेऊन बस’ असे बजावतात, त्याचाही आरोग्याशी संबंध नसतो. शांतता हवी असणे गैर नाही. पण ती हवी असेल तर तसे सांगावे, विज्ञानाचे नाव पुढे करू नये. पाठीचीच काळजी असती, तर अंगठे धरून ओणवे उभे करण्याची शिक्षा कोणाला सुचली असती का? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा शारीरिक शिक्षांना मनाई केली आहे.

शिक्षकांना आणि पालकांना माझे सांगणे एवढेच आहे. मूल वाकलेले दिसले की आधी कारण शोधा. त्याला फळ्यावरचे दिसते का? उजेड पुरेसा आहे का? पाय जमिनीला टेकतात का? बसून किती वेळ झाला? दर अर्ध्या तासाने वर्गाला दोन मिनिटे उभे करा. मुलांना दिवसाउजेडी मैदानावर सोडा; निकटदृष्टिता टाळायलाही त्याची मदत होते. आणि काही खुणा मात्र दुर्लक्षू नका. प्रयत्न करूनही पाठ सरळ होत नसेल, एक खांदा उंच दिसत असेल, ओणवे झाल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर येत असतील, पाठदुखीने रात्री झोपमोड होत असेल, सोबत ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, पाय बधिर किंवा दुबळे वाटत असतील, तर चापट न मारता डॉक्टरांकडे न्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही गप्प राहू नका. “नीट बस” असे कोणी म्हटले की उलट उत्तर देऊ नका, पण कारण सांगा. “बाबा, फळ्यावरचे दिसत नाही.” “बाई, बसून पाय अवघडले.” मूल म्हणजे खुंटाला बांधलेले झाड नव्हे. झाडाला बोलता येत नाही, तुम्हाला येते.

लेख संपला. आता उठा आणि हातपाय मोकळे करा!