साभार परत येण्याचे भाग्य

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी हे आमचे गाव आहे. एकेकाळी ज्वारी आणि कडबा यांपलीकडे गावाची ओळख नव्हती. २००६ मध्ये विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची वसाहत येथे उभी राहिली. १९ जानेवारी २०२४ रोजी येथील रे नगरातील पंधरा हजार घरे पंतप्रधानांच्या हस्ते श्रमिक कुटुंबांना सुपूर्द झाली. त्या दिवशी वृत्तपत्रांतून गावाचे नाव देशभर गेले. या वसाहतींतील अनेक घरांत आई तेलुगू बोलते, शेजारीण कन्नड बोलते आणि मुले शाळेत मराठी शिकतात. अशाच एका घरातील दहावीची विद्यार्थिनी काही दिवसांपूर्वी माझ्याकडे आली. तिने वहीत कविता लिहिल्या होत्या. रात्री सुपात विड्या वळणाऱ्या आईच्या बोटांवरची एक कविता खरोखर चांगली होती. वही मिटता मिटता तिने विचारले, “सर, ही कुठे छापायला पाठवू?”

मी आयुष्यभर मराठी शिकविले, पन्नास वर्षे कविता लिहिल्या. पण या साध्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. घरी येऊन जुनी डायरी काढली. तीत नियतकालिकांचे पत्ते होते आणि त्यांतील बहुतेकांवर मीच वेळोवेळी रेघ मारलेली होती. त्या रेघांविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

१९७२ च्या दुष्काळानंतरचे ते दिवस होते. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होतो. कविता सुवाच्य अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूस लिहावयाची, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले व तिकीट लावलेले पाकीट जोडावयाचे आणि पोस्टाच्या पेटीत टाकावयाचे, एवढे शास्त्र मला ठाऊक होते. पुढे महिनाभर पोस्टमनच्या सायकलकडे डोळे लागत. मग एके दिवशी आपल्याच हस्ताक्षरातले पाकीट आपल्याच दारी परत येई. आत छापील चिठ्ठी असे : ‘साभार परत’. आई विचारी, “कुणाचं पत्र रे?” माझेच आहे, हे तिला सांगण्याची लाज वाटे.

सहा-सात वेळा असे झाल्यावर एका संपादकांनी त्या छापील चिठ्ठीखाली शाईने दोन ओळी लिहिल्या. माझ्या कवितेत दुथडी भरून वाहणारी नदी होती, चांदणे होते, बकुळीची फुले होती. ‘आपल्या गावी नदी आहे काय? नसल्यास जे आहे त्याविषयी लिहावे,’ एवढाच त्यांचा अभिप्राय होता. आमच्या गावी तेव्हा खडी फोडण्याचे काम होते, रांगेत मिळणारी सुकडी होती, दावणीला बांधलेली आणि कडब्याअभावी खंगलेली जनावरे होती. मी त्यांविषयी लिहिले. तीन महिन्यांनी ती कविता छापून आली आणि पाठोपाठ दहा रुपयांची मनीऑर्डर आली. त्या दहा रुपयांहून त्या दोन ओळींचे मोल मला अधिक वाटते. मला कधीही न पाहिलेल्या एका माणसाने माझी कविता माझ्याहून अधिक लक्षपूर्वक वाचली होती.

सारेच अनुभव असे गोड नव्हते. एका नियतकालिकाने माझी कविता दोन वर्षे ठेवून घेतली. छापली नाही आणि परतही केली नाही. दुसरीकडे शेवटचे कडवे न विचारता गाळले गेले. ओळखीपाळखीच्या वर्तुळाबाहेरील माणसाला दार लवकर उघडत नाही, हेही अनुभवास आले. ही तक्रार एकट्या माझी नव्हे. ‘सत्यकथा’ हे त्या काळचे सर्वांत प्रतिष्ठित मासिक होते. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांच्या साक्षेपी संपादनाचा तेथे दरारा होता. तरीही त्याच्या अभिरुचीत आपल्याला जागा नाही, या संतापातून १९६९ मध्ये तरुण लेखकांनी मुंबईत त्या मासिकाच्या अंकाची होळी केली. तो संताप सर्वस्वी निराधार होता, असे कोणी म्हणू नये.

परंतु ज्यांना दार उघडले नाही, त्यांनी पुढे काय केले, हे महत्त्वाचे आहे. त्यांनी स्वतःची दारे उभी केली. अनियतकालिके निघाली. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी मराठवाड्यातून ‘अस्मितादर्श’ चालविले आणि दलित लेखकांच्या पिढ्याच्या पिढ्या तेथे लिहित्या झाल्या. धुळ्यासारख्या ठिकाणाहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये केवळ कवितेला वाहिलेले ‘कविता-रती’ सुरू केले आणि ते निष्ठेने चालविले. एका नियतकालिकाच्या अन्यायाला दुसरे नियतकालिक हेच उत्तर होते.

आपल्या काव्यपरंपरेला हे नवे नाही. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेचे मासिक चालविले. १९०७ मध्ये त्याच जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत १९०५ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. त्यांची कविता ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’ अशा नियतकालिकांच्या पानांत होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ती संग्रहरूपाने प्रसिद्ध केली. ती पाने नसती, तर संग्रह कशाचा करावयाचा होता? बहिणाबाई चौधरींनी कोणत्याही संपादकाला पाकीट पाठविले नव्हते. पण सोपानदेवांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या, आचार्य अत्र्यांनी त्या वाचल्या आणि १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या पश्चात, महाराष्ट्राला ते धन मिळाले. तेथेही प्रसंग तोच आहे. जाणत्या माणसाने थांबून वाचले, म्हणून कविता वाचली. आमच्या सोलापूरनेही कवी कुंजविहारी, कवी संजीव, दत्ता हलसगीकर अशी नावे महाराष्ट्राला दिली. फाशी जाणाऱ्या क्रांतिवीराचे मनोगत सांगणारी कुंजविहारींची कविता तर लोकांनी मुखोद्गत करून ठेवली. मोठ्या शहराबाहेर कविता पिकत नाही, असे नाही. तिला वाहून नेणारी वाट हवी.

ही वाट आज बुजत चालली आहे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. त्यानंतर एकेक करून किती अंक थांबले, याचा हिशेब माझ्या डायरीतील रेघा देतात. जी नियतकालिके आजही तग धरून आहेत, ती बहुधा एखाद-दुसऱ्या माणसाच्या पदरमोडीवर. कागद महागला, छपाई महागली. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने छापील पुस्तकांसाठी असलेली सवलतीची रजिस्टर्ड सेवाही बंद केली. गावोगाव कवितासंग्रह पाठविणाऱ्या छोट्या प्रकाशकाचा एक आधार त्यामुळे गेला. त्याआधी दोनच महिने, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण भाषेचा दर्जा आणि भाषेचा संसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये.

आता व्हॉट्सॲप आणि फेसबुक असताना मासिके हवीत कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मोबाइलने कोणाही संपादकाची परवानगी न घेता लिहिण्याची मुभा दिली, हे चांगलेच झाले. परंतु त्या मुलीची कविता गटावर पडताच पाच मिनिटांत ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’ यांचा पाऊस पडेल आणि सायंकाळपर्यंत ती सुविचारांच्या खाली गाडली जाईल. तिसऱ्या ओळीतील शब्द सैल आहे, हे तिला कोणी सांगणार नाही. आजकाल पैसे घेऊन ‘प्रातिनिधिक’ संग्रह निघतात, घरबसल्या सन्मानपत्रे मिळतात. तेथे नकार नाही, म्हणून स्वीकारालाही अर्थ नाही. आमच्या पिढीला ‘साभार परत’चे दुःख होते. या मुलांना ते भाग्यही लाभत नाही, कारण त्यांचे लिखाण परत करण्याइतके वाचतो कोण?

या स्थितीत शासनाने अनुदान द्यावे, टपालाची सवलत पूर्ववत करावी, अशी मागणी अवश्य करावी. पण शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. मराठी नियतकालिके वर्गणीदारांनी जगविली आणि वर्गणीदारांनीच सोडली. सुशिक्षित मध्यमवर्गीय घरात आज महिन्याकाठी हॉटेलचे बिल किती होते आणि मराठी नियतकालिकांसाठी किती रुपये बाजूस पडतात, हे प्रत्येकाने स्वतःशी पडताळावे. घरटी एका वाङ्मयीन नियतकालिकाची वर्गणी, गावच्या वाचनालयात दोन अंक, शाळेत महिन्यातून एक तास मुलांच्या कवितांचे वाचन व त्यावर मोकळी चर्चा, एवढे कार्यकर्त्यांना कोठेही करता येईल. त्यासाठी मंडप लागत नाही की पाहुणे लागत नाहीत.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. रेघ न मारलेल्या पत्त्यांतून एक निवडून तिला दिला. कविता पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहावयास लावली. तिसऱ्या ओळीतील शब्द तिने स्वतःच बदलला. सोबत परतीचे पाकीट जोडताना तिने विचारले, “सर, परत आली तर?”

“तर आपण दोघे बसून ती पुन्हा वाचू,” मी म्हणालो.