आठ वाजून गेले तरी सात

एक साधा प्रश्न. गिअरचे दात झिजले तर घड्याळ मागे पडेल का? मी रूमवर विचारला. चौघांपैकी तिघं म्हणाले, "पडणारच की!" चौथा झोपला होता म्हणून वाचला. तिघंही मेकॅनिकलचे, टीओएम पहिल्या फटक्यात काढलेले. उत्तर मात्र चूक. वेग ठरतो दातांच्या संख्येवर, आणि झीज झाली म्हणून ८० दातांचे ७९ होत नाहीत. मग झिजल्यावर होतं काय? मलाही ते लेक्चरला नाही, महाडला जेवणाच्या ताटावर कळलं.

मेसला सुट्टी असली की आम्ही महाडच्या एका खानावळीत जातो. तिथल्या मावशींच्या फळीवर एक जुनं फ्लिप घड्याळ आहे. काटे नाहीत, नुसती आकड्यांची पानं. दर मिनिटाला एक पान 'टप्' करून पडतं. इटलीतल्या उदिने गावच्या सोलारी कंपनीने हा प्रकार गाजवला. त्यांच्या सिफ्रा ५ ला १९५६ साली 'कोंपासो दोरो' हा डिझाइनचा पुरस्कार मिळाला होता. विमानतळावर खडखडत बदलणारे ते जुने बोर्ड याच घराण्यातले. पुढे जपान्यांनी ते माणसाच्या उशाशी आणून ठेवलं. मावशींचं घड्याळ जपानीच. काका कुवेतला नोकरीला होते, १९८६ च्या सुट्टीत त्यांनी ते आणलं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि काका अंगावरच्या कपड्यांनिशी अम्मानमार्गे घरी आले. तिकडच्या दिवसांतलं घरात उरलं ते एवढंच. काका आता नाहीत.

मग आला २२ जुलै २०२१ चा पूर. त्याबद्दल इथे कोणाला वेगळं सांगायला नको. खानावळीत पाणी फळीच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर मावशींनी घड्याळ पुसलं, ऊन पडलं तसं उन्हात ठेवलं, आठवड्याने प्लग लावला, आणि चक्क चालू झालं! पण गाळ आतच राहिला होता. बारीक गाळ आणि जुनं ग्रीस एकत्र आलं की काय तयार होतं? आपण वर्कशॉपमध्ये जिला लॅपिंग पेस्ट म्हणतो ती. ही पेस्ट लावून ते घड्याळ दोन वर्षं रात्रंदिवस फिरत होतं.

नंतर गंमत सुरू झाली. सात एकोणसाठनंतर आठ वाजायला हवेत, तर घड्याळ दाखवायचं सात शून्य शून्य. मग सात शून्य एक, सात शून्य दोन, आणि आठ वाजून तीन मिनिटांनी तासाचं पान पडायचं. मिनिटं बरोबर, पण दर तासाला तीन मिनिटं घड्याळ एक अख्खा तास मागे! आमचा एक जण त्याच तीन मिनिटांत वर बघून निवांत दुसरा चहा मागत बसला. एसटी गेली, प्रॅक्टिकल गेलं.

आता थोडा हिशोब. (सिव्हिलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) तासाच्या ड्रमवर २४ पानं, दिवसाला एक फेरा. म्हणजे तासाला १५ अंश, मिनिटाला पाव अंश, आणि तीन मिनिटांना पाऊण अंश. ड्रमच्या चाकाला ८० दात, मॉड्यूल ०.५, म्हणजे पिच सर्कलची त्रिज्या २० मिमी. तिथे पाऊण अंश म्हणजे साधारण ०.२६ मिमी. नव्या दाताची जाडी असते ०.७८ मिमी. म्हणजे दाताचा एक तृतीयांश भाग गाळानं खाल्ला होता आणि तेवढ्यानं ड्रम मागे राहत होता. व्हर्निअर न लावता नुसत्या पानाच्या पडण्यावरून झीज मोजता येते! मला तरी हे कोणत्याही जर्नलमध्ये भेटलं नव्हतं.

(जाता जाता: घड्याळ सतत, सारखंच मागे पडत असेल तर गिअरला हात लावू नका. असली घड्याळं विजेच्या ५० हर्ट्झवर चालतात. सौदीत ६० हर्ट्झ असतात. तिथलं घड्याळ तसंच इथे लावलं तर तासाला १० मिनिटं मागे. कुवेतचं काम ५० चंच, म्हणून मावशींचं निभावलं.)

रूमवर घड्याळ खोललं तेव्हा पहिला सल्ला अर्थातच, "थ्रीडी प्रिंट मार ना!" मारला. आपल्या प्रिंटरचं नोझल ०.४ मिमीचं, दात ०.७८ चा. म्हणजे दातात धाग्याच्या जेमतेम दोन रेघा. जे निघालं त्याला गिअर म्हणण्यापेक्षा चकली म्हणणं बरं. प्रिंटरला मी नावं ठेवत नाही. दात तुटलाच असता तर रेझिनवर चांगला गिअर काढता आला असता. पण आम्ही तुटलंय काय आणि झिजलंय काय हे बघायच्या आधीच बटण दाबलं होतं.

शेवटी महाडच्या बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चाक फिरवलं आणि म्हणाले, "अरे बाबा, दात एकाच गालावर झिजलाय. दुसरा गाल कोरा आहे. चाक उलटं घाल."

एवढंच! घड्याळ एकाच दिशेनं फिरतं, म्हणून दाताची एकच बाजू भार घेते. चाक पालथं केलं की न वापरलेली बाजू कामाला लागते. आम्ही चार वर्षं इन्व्होल्यूट काढतो, पण दाताला दोन बाजू असतात हे त्या क्षणी डोक्यात शिरलं. चाचांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या: आधी सगळं साबणाच्या कोमट पाण्यानं टूथब्रशनं धू, आणि तेल फक्त दांडे फिरतात त्या भोकांना, दातांना थेंबसुद्धा नको. जुनी चाकं आहेत का विचारलं तर हसले. जुन्या घड्याळांच्या चाकांनी भरलेले ड्रॉवर त्यांच्याकडे होते. पुरानंतर ते गाळासकट फावड्यानं उचलावे लागले.

एक अडचण होती. चाकाचा बॉस एकाच बाजूला, त्यामुळे उलटं घातलं की चाक रेषेतून सरकायचं. मधे अर्धा मिमीचा वॉशर हवा होता. मी वर्कशॉपमध्ये गेलो. "कोणत्या सब्जेक्टचा जॉब आहे? सही कोणाची?" शनिवारी पोलादपूरला घरी गेलो आणि स्टँडजवळच्या लेथवाल्या दादांना चाक दाखवलं. त्यांनी पितळेच्या तुकड्यातून दहा मिनिटांत वॉशर काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. आपल्या वर्कशॉपमध्ये लेथ रांगेनं उभे आहेत, आणि मेकॅनिकलचा पोरगा अर्ध्या मिमीच्या वॉशरसाठी गावी जातो! मला राग आला तो याचा.

कोणी म्हणेल, तीनशे रुपयांत नवं क्वार्ट्झ येतं, एवढा खटाटोप कशाला? वेळ बघायला असेल तर खरंच नवं घ्या. माझंही म्हणणं प्रत्येक मोडकी वस्तू जपा असं नाही. पण पुरानंतर आपण महाडला गाळ काढायला गेलो, कपडे-धान्य वाटलं, फोटोही काढले, आणि घराघरांत भिजलेले मिक्सर, पंखे, शिलाई मशीन पडलेले असताना दोनशे भावी इंजिनीअर खराटे घेऊन उभे होतो. कोणी स्क्रू-ड्रायव्हर नेला नाही. मीही नाही. वर्कशॉपमध्ये शनिवारी दुपारी एक टेबल, एक लेथ आणि सह्या न मागणारे एक सर मिळाले तर किती होईल? अशा दहा दुरुस्त्या लिहून काढल्या तर ते मिनी प्रोजेक्ट म्हणून का धरू नये? बाजारातून आयता आणलेला 'लाइन फॉलोअर' आपण दरवर्षी धरतोच की.

मावशींनी घड्याळ फळीवर ठेवलं आणि आठ वाजायची वाट बघत उभ्या राहिल्या. भाजी खाली लागली. दोन्ही पानं सोबत पडली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त फळी पदरानं पुसली. त्या महिन्याच्या हिशोबातून माझी दोन जेवणं कमी झाली होती.

सध्या त्यांचा मिक्सर माझ्या खाटेखाली आहे. कार्बन ब्रश संपलेत असं वाटतंय. वर्कशॉप चार वाजता बंद होतं.