पंप गेला, हे कशावरून?

मंडळी, जुनी गाडी उन्हात बंद पडली की आमच्या परभणीत निदान ठरलेलं : "पंप गेला, नवा टाका." हल्ली जोडीला दुसरं उत्तर आलंय : "इथेनॉलमुळे हो!" तपासणीआधीच निकाल! उत्तरपत्रिका न वाचता मार्क देण्यातला हा प्रकार.

1983 साली आलेल्या मारुती 800 सारख्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची वाट सरळ आहे : टाकी, फिल्टर, पंप, कार्ब्युरेटर. त्याच क्रमाने बघा ना! टाकीचं झाकण सैल करताच गाडी सुधारली, तर टाकीत हवा जायची वाट बुजलीय. मे महिन्यात बंद पडलेली गाडी अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ झाली असावी. वेग वाढवताच दम तुटतो? आधी फिल्टर बघा. मिस्त्रीने थंड इंजिनावर कार्ब्युरेटरची नळी बाटलीत धरून स्टार्टर मारला आणि पेट्रोलच्या जोरदार पिचकाऱ्या आल्या, तर पंपाचा काय दोष?

इथेनॉल निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. 2025 मध्ये देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं, शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. मग नळ्या उघडून दाखवा की!

नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी चालवणारे इथे पुष्कळ आहेत. नको असलेल्या पंपाचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात, आणि गाडी पुन्हा जिंतूर रस्त्यावर उभी!

म्हणून पैसे देण्याआधी एवढंच विचारा : कशावरून?