आमच्या घरचा गजनी

मागच्या महिन्यात आमच्या आनंद नगरच्या घरी भाच्याचं जावळ काढलं. तीन वर्षांचा पोरगा मामाच्या मांडीवर, अर्धं डोकं सफाचट, नाक वाहतंय, भोकाड पसरलेलं. सगळे हसत होते. मीही हसले, फोटो काढला आणि ‘आनंद नगरचा गजनी’ असं लिहून स्टेटसला टाकला. आईने तो कॉलनीच्या ग्रुपवर धाडला. तिला दोष देत नाही, सुरुवात माझी.

दोन दिवसांनी त्याला घेऊन रायसेन रोडवर किराणा आणायला गेले. दुकानदार भैय्या म्हणाले, “अरे, गजनी आ गया! ज़रा रोके दिखाओ!” प्रेमानेच म्हणाले. पण पोरगा माझ्या ओढणीत शिरला. घरी येताना टोपी पार डोळ्यांवर ओढलेली. “आत्या, काकांना कसं कळलं मी रडलो?” उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच देता आलं नाही.

ऑगस्ट २०१७ मधला तो व्हिडिओ आठवतो? आकडे म्हणता म्हणता रडणारी, हात जोडणारी चिमुरडी. पोर किती हट्टी आहे हे घरच्यांना दाखवायला तो काढला होता, असं नातेवाइकांनी नंतर सांगितलं. विराट कोहली, शिखर धवन यांनी संतापून तो शेअर केला. संताप रास्तच होता, पण त्यामुळेही तोच रडका चेहरा आणखी लाखो लोकांपुढे गेला. त्याच महिन्यात, २४ तारखेला, सुप्रीम कोर्टाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी त्या निकालात लिहिलंय की लहानपणच्या चुका मुलांना जन्मभर भोगाव्या लागू नयेत. इथे तर चूकही मुलाची नव्हती, नुसतं रडणं होतं!

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी कंपन्यांना आईबापांची संमती घ्यायला लावतो. घरगुती वापराला मात्र तो लागू नाही. म्हणजे राखणदार आपणच, आणि कुंपणही आपणच.

मावशी म्हणते, “आमच्या वेळी नव्हते का टबातले उघडेबंब फोटो?” होते की. माझाही आहे. पण तो अल्बम कपाटात असतो. पाहुणे आले की आई काढते, मी लाजून ओरडते, “ठेव ना गं आत!” आणि ती ठेवते. किराणा दुकानापर्यंत तो कधी गेला नाही. शिवाय मुलांचे फोटो टाकूच नका, असं मी म्हणत नाही. आपलं पोर हसताना दाखवावंसं वाटणारच. माझं म्हणणं फक्त त्या फोटोंबद्दल आहे, ज्यात मूल रडतंय आणि आपण हसतोय.

परवा मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘कृपया तो फोटो डिलीट करा.’ तीन काकूंनी अंगठा दाखवला. चौथीने खाली पुन्हा तोच फोटो टाकला आणि विचारलं, “हा का?”