सूत्रधाराच्या शोधांत एक नगर

आमच्या या सदरांत फुटबॉलचें नांव पाहून कित्येक वाचक चष्मा पुसून पुन्हां वाचतील, हें आम्ही जाणून आहों. ज्यानें उभा जन्म रूपावली, समासचक्र आणि फार तर क्रिकेटचे आंकडे यांत घालविला, त्यानें अमेरिकन खेळावर लेखणी कां चालवावी? कारण अगदीं घरगुती आहे. आमचा धाकटा बंधू १९८५ सालीं ओहायो संस्थानांतील क्लीव्हलँड शहरीं नोकरीनिमित्त गेला आणि तेथेंच स्थायिक झाला. तेथील हिवाळा, तेथील कर आणि तेथील ‘ब्राउन्स’ नांवाचा फुटबॉलचा संघ, या तिन्ही गोष्टी त्यानें एकदमच पत्करल्या. पहिल्या दोहोंविषयीं त्याची तक्रार ऐकूं येत नाहीं. तिसरीनें मात्र त्याच्या घरांत जें घडविलें, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम खेळ समजून घेऊं. याला फुटबॉल म्हणतात, पण पायाचा संबंध थोडा. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातांत घेऊन पळावयाचें किंवा तो पुढच्या गड्याकडे फेंकावयाचा. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न सरकलें तर चेंडू शत्रूच्या हातीं जातो. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नांत चेंडू प्रथम एकाच गड्याच्या हातीं येतो. त्याचें नांव क्वार्टरबॅक. बंधु त्याला सेनापति म्हणतो; आम्हांस तें पटलें नाहीं. सेनापति मागें उभा राहून आज्ञा देऊं शकतो. याला तर दोनतीन सेकंदांत, अंगावर धिप्पाड माणसें धांवून येत असतां, कोणाकडे चेंडू टाकावा तें ठरवावें लागतें. आम्ही त्याला सूत्रधार म्हणूं. सूत्रधारच गडबडला, तर मागचे नट कितीही गुणी असले तरी प्रयोग नांदीपुढें सरकत नाहीं.

या संघाचा पूर्वकाळ मोठा वैभवाचा होता. १९४६ सालीं तो स्थापन झाला आणि पॉल ब्राउन या पहिल्या गुरूच्या नांवावरून त्याचें नांव पडलें. ऑटो ग्रॅहॅम हा सूत्रधार असतां, १९४६ पासून १९५५ पर्यंत दहाही वर्षें हा संघ अंतिम सामन्यास पोंचला आणि सात वेळां अजिंक्य ठरला. पुढें १९६४ सालीं बाल्टिमोरच्या संघास २७–० असें हरवून आणखी एक अजिंक्यपद मिळालें. तें शेवटचें. ‘सुपर बोल’ म्हणून जो महासामना त्यानंतर सुरू झाला, त्यांत ब्राउन्सनीं अद्याप पाऊल ठेवलेलें नाहीं.

बंधु तेथें गेला तो नेमका आशा लावणाऱ्या काळांत. ११ जानेवारी १९८७ रोजीं तो मैदानांत हजर होता. महासामना एका विजयावर आला होता आणि घड्याळांत पांच मिनिटें उरलीं होतीं. अशा वेळीं डेन्व्हरच्या जॉन एल्वेनें स्वतःच्या टोंकापासून ९८ यार्ड मजल मारून बरोबरी साधली आणि जादा वेळांत डेन्व्हरनें सामना जिंकला. पुढच्याच वर्षीं पुन्हां तोच प्रतिस्पर्धी. अर्नेस्ट बायनर गुणरेषेच्या अगदीं जवळ पोंचला आणि चेंडू हातून निसटला. हे दोन प्रसंग बंधु अशा बारकाव्यानें सांगतो, कीं घरांतील मृत्यूचीही कोणी इतकी तपशीलवार हकीकत सांगत नाहीं. मग १९९५ सालीं मालकानें सबंध संघच उचलून बाल्टिमोरला नेण्याचें जाहीर केलें. तीन हंगाम त्या शहरास संघच नव्हता. १९९९ सालीं जुनें नांव व जुने रंग घेऊन नवा संघ उभा राहिला, आणि तेव्हांपासून सूत्रधाराचा शोध चालू आहे.

कौरवांनीं अठरा दिवसांत पांच सेनापति केले म्हणून आपण त्यांच्या दैवास हंसतों. १९९९ ते २०२५ या काळांत ब्राउन्सनीं चाळीसांहून अधिक सूत्रधार उभे केले. आमच्या शिक्षकी जीवनांतील एक गोष्ट येथें आठवते. एका वर्गाला एका वर्षांत गणिताचे चार मास्तर लाभले. पहिला उदाहरण सोडवीत असतां बदली होऊन गेला. दुसऱ्यानें तेंच निराळ्या रीतीनें आरंभिलें. तिसऱ्यानें दोन्ही रीती चूक ठरविल्या. चौथे आम्ही. त्या वर्गांतील हुशार पोरेंही फळ्याकडे भीतभीत पाहूं लागलीं होतीं. ब्राउन्सकडे आलेले तरुण सूत्रधार सारेच कांहीं नालायक नसावेत. गुरु बदलला कीं पद्धत बदलते, पद्धत बदलली कीं गड्याचा हात थबकतो, आणि हात थबकला कीं गडी बदलतात.

या खेळाच्या संघटनेचा एक नियम मोठा दयाळू आहे. महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या गड्यांची वार्षिक निवड होते तेव्हां जो संघ सर्वांत वाईट हरला, त्याला पहिली निवड मिळते. आपल्याकडे नापास मुलाला शाळेंतला उत्तम शिक्षक आपण होऊन देत नाहींत; तेथें देतात. ब्राउन्सच्या कारभाऱ्यांनीं हा दयाधर्म फारच मनावर घेतला. २०१६ सालीं १६ पैकीं एक सामना जिंकला आणि २०१७ सालीं एकही नाहीं. ६ जानेवारी २०१८ रोजीं कडाक्याच्या थंडींत हजारों उपासकांनीं मैदानाभोंवतीं मिरवणूक काढली व त्या निमित्तानें गरिबांच्या अन्नपेढीस मदतही जमविली. मिरवणुकीचा मार्ग वर्तुळाकार होता, म्हणजे शून्याचा. बंधु त्यांत चालला होता. आमच्या वहिनींनीं त्याला दोन लोंकरी टोप्या घालून पाठविलें होतें.

त्या शून्यांतून २०१८ सालीं बेकर मेफील्ड हा पोरगा पहिल्या निवडीनें आला. २० सप्टेंबर रोजीं तो राखीव गड्यांतून उठून मैदानांत उतरला आणि न्यूयॉर्क जेट्सवर २१–१७ असा विजय मिळाला. ६३५ दिवसांनंतरचा पहिला. २०२१ च्या जानेवारींत तर पिट्सबर्गला, म्हणजे पिढीजात वैऱ्याच्या घरीं जाऊन, ४८–३७ अशी फत्ते झाली. आमची पुतणी त्या वेळीं चोवीस वर्षांची होती. बंधु सांगतो, कीं तीं दोघें बापलेक त्या रात्रीं दिवाणखान्यांत नाचलीं. ही मुलगी आठ वर्षांची असल्यापासून त्याच्या शेजारच्या खुर्चींत बसून सामने पाहत आली. वर्षाच्या दोन खुर्च्या, एक याची व एक तिची, असा कुळाचाराप्रमाणें नेम होता.

पुढच्या हंगामांत मेफील्ड खांदा दुखावलेला असतां खेळला आणि अर्थात् वाईट खेळला. वर्ष संपतांच कारभाऱ्यांचा धीर सुटला. मार्च २०२२ मध्यें त्यांनीं ह्यूस्टनच्या डेशॉन वॉटसनला आणलें. त्याच्या मोबदल्यांत तीन वर्षांच्या पहिल्या निवडी आणि वर आणखीही कांहीं दिलें. आणि त्या गड्यास पांच वर्षांचे २३ कोटी डॉलर, खेळो वा न खेळो, पुरे देण्याचा करार लिहून दिला. या संघटनेंत प्रत्येक संघाच्या एकूण वेतनास मर्यादा असते; एकाच्या ताटांत एवढें वाढलें म्हणजे पंगतींतल्या इतरांस चटणीकोशिंबिरीवर भागवावें लागतें. गंमत म्हणावी कीं दैवगति कोण जाणे, २०१७ च्या निवडींत बारावा क्रम ब्राउन्सचाच होता; तो त्यांनीं ह्यूस्टनला देऊन टाकला आणि ह्यूस्टननें त्या क्रमावर याच वॉटसनला घेतलें होतें.

परंतु आमच्या बंधूचें घर फाटलें तें पैशांवरून नव्हे. वॉटसनविरुद्ध वीसांहून अधिक स्त्रियांनीं दिवाणी फिर्यादी केल्या होत्या. त्या बहुतेक अंगमर्दनाचा व्यवसाय करणाऱ्या, आणि आरोप अश्लील वर्तनाचा. त्यानें आरोप नाकारले. टेक्सासमधील दोन ज्यूरींनीं फौजदारी खटला भरण्यास नकार दिला. बहुतेक फिर्यादी तडजोडीनें मिटल्या. आणि संघटनेनें त्याला अकरा सामन्यांची बंदी व ५० लक्ष डॉलर दंड ठोठावला. आमची पुतणी फिजिओथेरपीचा व्यवसाय करते. ती बापाला एवढेंच म्हणाली, “बाबा, मी रोज बंद खोलींत अनोळखी माणसांवर उपचार करतें. मी त्या खुर्चींत बसणार नाहीं.” बंधु म्हणाला, “मी सदतीस वर्षें संघाकडे पाहत आलों, एका माणसाकडे नव्हे.” दोघांचेंही म्हणणें आम्हांस फोनवर ऐकविण्यांत आलें. आम्ही बंधूस वडील. तरी आम्हांस निवाडा देतां आला नाहीं. मनांतून मात्र आम्ही मुलीच्या बाजूचे झालों होतों, हें आज येथें कबूल करतों.

२०२४ च्या शरदांत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलों. २० ऑक्टोबरला सिनसिनाटीशीं सामना होता, आणि त्या रिकाम्या खुर्चींत बंधूनें आम्हांस नेऊन बसविलें. सरोवराचा वारा, नारिंगी टोप्यांचा समुद्र, आणि पूर्वेच्या बाजूला कुत्र्याचे मुखवटे घालून भुंकणारे सभ्य गृहस्थ. त्यांत एक न्यायाधीश असल्याचें बंधूनें सांगितलें, खरेंखोटें तो जाणे. आम्ही उपरणें सारखें करतों न करतों तोंच शत्रूच्या गड्यानें आरंभींचाच चेंडू १०० यार्ड पळवून गुण घेतले. बंधु शांत होता. त्याला संवय आहे. निक चब नांवाचा गडी गुडघा मोडून वर्षभर अंथरुणाशीं झुंजला होता, तो त्याच दिवशीं प्रथम परतला; त्याला पाहतांच लोक उभे राहिले आणि बंधूनें चष्मा काढून डोळे पुसले.

विश्रांतीस थोडाच वेळ होता. वॉटसन स्वतः चेंडू घेऊन धांवला आणि कोणाचा धक्काही न लागतां कोसळला. टाचेमागची जाड शीर तुटली होती. आणि वाचकहो, सभोंवार धिक्काराचे आवाज उठले; कोठें कोठें टाळ्याही वाजल्या. आम्हांस प्रथम अर्थच कळेना. मग शेजारीं पाहिलें. आमच्या आईच्या हातचें थालीपीठ वांटून खाल्लेला, पाय मुरगळलेलें मांजर शाळेंतून घरीं घेऊन आलेला आमचा धाकटा भाऊ टाळ्या वाजवीत होता. आमची नजर पडतांच त्यानें हात खिशांत घातले. त्याच संघाच्या कांहीं गड्यांनीं सामन्यानंतर प्रेक्षकांची कानउघाडणी केली, ती आम्हीं दूरदर्शनवर ऐकिली. सामना २१–१४ असा हरला होता.

रात्रीं पुतणी जेवावयास आली. वरणाची वाटी पुढें ओढून तिनें सरळ विचारलें, “बाबा, तुम्हीं टाळ्या वाजवल्या का?” बंधूनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं ताटाकडे पाहिलें. “वाजवल्या,” तो म्हणाला. ती म्हणाली, “ती शीर तुटली म्हणजे माणसाला चालायला पुन्हां शिकावें लागतें. मी शिकवतें असल्या माणसांना.” ज्या माणसापायीं तिनें खुर्ची सोडली होती, त्याच्याविषयीं हें बोलणें होतें. आमच्या कुटुंबानें “भाऊजी, भात घ्या,” म्हणून प्रसंग सांवरला. सांवरला असें आपलें म्हणावयाचें.

पुढची हकीकत थोडक्यांत. त्या वर्षीं १७ पैकीं तीन सामने जिंकले. जानेवारींत वॉटसनची तीच शीर पुन्हां तुटली आणि २०२५ चा सारा हंगाम त्याच्यावांचून गेला. त्या वर्षींच्या मार्चमध्यें मालकांनीं उघडपणें मान्य केलें, कीं तो डाव साफ हुकला. इकडे हांकलून दिलेल्या मेफील्डनें टँपाच्या संघास २०२३ व २०२४ अशीं लागोपाठ दोन वर्षें बाद फेरींत नेलें होतें. बंधु त्याचे सामने आवाज बंद करून पाहत असे. २०२५ सालीं प्रथम जो फ्लॅको, मग डिलन गेब्रियल, मग शेड्यूर सँडर्स, असे तिघे सूत्रधार एकाच हंगामांत झाले. चाळिशीचा फ्लॅको ऑक्टोबरांत त्याच सिनसिनाटीकडे धाडला गेला. सँडर्स पहिल्या फेरींत जाईल असें पुष्कळांस वाटलें होतें, तो १४४ व्या क्रमापर्यंत कोणी घेतला नाहीं. त्यानें आरंभापासून सूत्रें हातीं घेतलेला पहिला सामना लास वेगासविरुद्ध जिंकून दिला. बचावाच्या बाजूस माइल्स गॅरेटनें विक्रम केला. तरीही जमाखर्च पांच विजय, बारा पराजय; आणि जानेवारी २०२६ मध्यें गुरु केव्हिन स्टेफान्स्की यांस निरोप मिळाला. आमच्या त्या वर्गाची आठवण पुन्हां झाली. नवा मास्तर पोराला मागची रीत विसरावयास सांगणार कीं तीच पुरी करूं देणार, यावर सारें आहे. आम्हांस विचाराल तर एखाद्या तरुणास दोन वर्षें हात न लावतां खेळूं द्यावें, हरला तरी. पण आम्हांस कोण विचारतो?

भर म्हणजे मालकांना सरोवरकांठचें मैदान सोडून विमानतळाजवळ ब्रुक पार्क येथें छप्पर असलेलें नवें क्रीडागृह हवें आहे. त्यासाठीं ओहायोच्या २०२५ च्या अर्थसंकल्पांत ६० कोटी डॉलरांची तरतूद झाली. नव्या जागीं जुन्या खुर्च्यांचें काय, ही बंधूची चिंता. १९९५ चा अनुभव असलेला मनुष्य स्थलांतराचें नांव काढतांच दचकतो.

गेल्या पंधरवड्यांत त्याचा फोन आला होता. खुर्च्यांचें वार्षिक देणें आलें होतें. एक ठेवावी कीं दोन, असें त्यानें आम्हांस विचारलें. आम्ही म्हणालों, रिकाम्या खुर्चीचे पैसे कां भरतोस? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, भरले मीं. दोन्हींचे.”

“तिला सांगितलेंस का?”

“अजून नाहीं.”