किल्ली कोणाच्या कनवटीला?

कर्जत-खालापूर परिसरातील पतसंस्था, शिक्षणसंस्था व लहान कारखाने यांच्या व्यवस्थापकांपुढे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विषय काढला की बहुधा एकच प्रतिप्रश्न येतो : “फुकट मिळेल ना?” सहकाराचे नाव घेणाऱ्यांनी आधी मालकीविषयी विचारावे, ही अपेक्षा गैर नाही. ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते, ते मुक्तस्रोत. किंमत ही त्यातील दुय्यम बाब.

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. परवान्यांचे पैसे भरलेले आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पूर्ववत झाल्या. तिला वकील परवडले. खोपोलीतील एखाद्या पतसंस्थेने कोणाचे दार ठोठवावे?

विक्रेता स्वदेशी असला की भागले, हाही भ्रमच. पुण्या-मुंबईचा विक्रेतादेखील खातेदारांची माहिती आपल्याच साच्यात कोंडू शकतो. मग करार संपल्यावर स्वतःच्याच खातेवह्या सोडवून घेण्यासाठी दाम मोजावे लागते. (याला बाजारातील स्वातंत्र्य म्हणतात!) आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घेऊनही ते परक्याच्या सर्व्हरवर ठेवले, तर तोटी पुन्हा त्याच्याच हाती.

मात्र आपल्या बाजूनेही भाबडेपणा नको. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारे पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतांना मिळते. परंतु पाटाची डागडुजी झाली नाही तर शेवटचे शेत कोरडे राहते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा जगातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्या ‘ओपनएसएसएल’वर विसंबून होती, ते मूठभर माणसे तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळत असल्याचे दिसून आले. धनाढ्य कंपन्यांनी फुकट उचलले, डागडुजीस पैसा दिला नाही. अर्थशास्त्रात या वृत्तीला सभ्य नाव आहे. मराठीत तिला फुकटखाऊपणा म्हणतात.

तेव्हा दुरुस्ती कोण करणार, त्याचे वेतन कोठून येणार, कर्मचाऱ्यांना शिकविणार कोण, हे व्यवस्थापकाने आधी ठरवावे. एकट्या संस्थेला जाणकार तंत्रज्ञ परवडत नसेल, तर तालुक्यातील दहा संस्थांनी मिळून एक नेमावा. परवान्यांवर जाणारा पैसा येथील शिकलेल्या मुलामुलींच्या पगारात जाऊ द्यावा. ज्या संचालक मंडळांत आपले कार्यकर्ते आहेत, त्यांनी पुढील नूतनीकरणाच्या करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच सांगावे : सर्व खाती, दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा स्वरूपात, आमच्यासमोर एकदा बाहेर काढून दाखवा.