एवढी ओळ होऊ दे

विणायला बसलेल्या बाईचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘थांब रे, एवढी ओळ होऊ दे.’ ते ऐकून घरातलं कुणी थांबल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. कुणाचा मोजा हरवलेला असतो, कुणाला वाय-फायचा पासवर्ड हवा असतो, दारात कुरिअरवाला ओटीपी मागत उभा असतो. बाई उठते. ओळ राहते.

दोन सुयांवर विणणारीला हे उठणं महागात पडतं. तिच्या सुईवर अख्ख्या ओळीचे टाके रांगेनं उभे असतात. सुई निसटली की पाच-दहा टाके घरंगळतात आणि ते उचलताना सुलट कुठला नि उलट कुठला, हे पुन्हा लावत बसावं लागतं. क्रोशाचं तसं नाही. तिथे एका वेळी एकच टाका मोकळा असतो. तो जरा लांब ओढायचा, त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि खुशाल कणीक मळायला जायचं. साखळी, खांब, मुका खांब, सगळं जिथल्या तिथे राहतं. नोकरी करणाऱ्या बायकांच्या हातून स्वेटर मागे पडले, पण क्रोशाची तोरणं, रुमाल नि बाळाची टोपडी चालू राहिली. यात रेडिमेड स्वेटरांइतकाच या पिनेचाही हात असावा, असा माझा कयास आहे.

मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात मेथी निवडणाऱ्या हातांशेजारी क्रोशा चालवणारे हात दिसतात, तेव्हा लोक कौतुकानं म्हणतात, ‘बघा, बायका एक मिनिट वाया घालवत नाहीत.’ मला त्यात वेगळंच दिसतं. डोंबिवलीहून निघालेल्या बाईला सीएसएमटीपर्यंत कुणी हाक मारू शकत नाही. फोन येतो, पण ‘रेंज नाही, नंतर बोलते’ असं म्हणायची सोय आहे. घरी दोन दिवसांत होत नाही तेवढं विणकाम त्या गर्दीत, कोपर अंगाशी धरून, एका फेरीत होतं.

या सगळ्यामागे एक जुना हिशेब आहे. अमेरिकेतल्या ज्युडिथ ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० साली एक छोटासा निबंध लिहिला. वेगवेगळ्या समाजांत ठरावीक कामं बायकांकडेच का जातात, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर असं, की लहान मूल सांभाळता सांभाळता जे करता येतं, ते बायकांकडे जातं. म्हणजे काम धोक्याचं नको, घरापासून फार लांबचं नको, फार डोकं गुंतवणारं नको. मुख्य म्हणजे ते मध्येच सोडता यायला हवं आणि सोडलं होतं तिथून पुन्हा धरता यायला हवं. पुढे एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी १९९४ साली बायका आणि कापड यांचा वीस हजार वर्षांचा इतिहास लिहिला, त्याची सुरुवात याच मुद्द्यापासून केली. कातणं, विणणं, शिवणं बायकांच्या वाट्याला आलं, कारण या कामांना व्यत्यय चालतो. आपण ज्याला ‘बायकांची उपजत चिकाटी’ म्हणतो, त्यात हाका मारणाऱ्यांचाही वाटा आहे तर!

व्यत्यय न चालणारी कामं आपल्याकडच्या बायकांनी केली नाहीत, असंही नाही. संक्रांतीचा हलवा आठवून बघा. शेगडीवर मंद आच, परातीत खसखस किंवा तीळ, हाताशी साखरेचा पातळ पाक. चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचे, तो सुकला की पुढचा चमचा. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर पांढराशुभ्र हलवा पिवळा पडतो. बोटं भाजत, तासन्तास बसल्यावर कुठे दाण्याला काटा धरतो. मग तो एकेक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवून गाठी मारायच्या, तेव्हा नव्या सुनेचा हार आणि बोरन्हाणाच्या बाळाचा मुकुट होणार. हे काम अर्ध्यावर टाकून उठता येत नाही. तरीही ते घरोघरी होत असे, कारण त्याला सणाचा आधार होता. परातीशी बसलेल्या बाईला ‘आधी चहा टाक’ असं सांगायची कुणाची छाती नव्हती. त्या दोन-चार दिवसांपुरतं अख्खं घर तिच्या बाजूनं वळसा घालून जाई.

रुखवताचंही तेच. लग्न ठरलं की भरतकामाचा रुमाल नि मण्यांचं तोरण करायला मुलीला दुपार मिळायची, कारण त्या दुपारीत घराची इभ्रत होती. म्हणजे बाईच्या हातातल्या कलेला वेळ द्यायला घराला येतं. फक्त निमित्त घराचं लागतं. नुसतं ‘मला आवडतं’ हे निमित्त अजून कुणी फारसं मानलेलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचे छंद बघा. आमच्या सोसायटीतल्या पुरुषांची रविवारी सकाळी क्रिकेटची मॅच असते. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या माणसाला डाळीला किती शिट्ट्या द्यायच्या, हे विचारायला कुणी फोन करत नाही. ट्रेकला गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत गेलेलाच असतो. त्यांचा वेळ सलग असतो, कारण त्यांच्या छंदाचे तुकडे पडत नाहीत. आमच्या छंदाचे पडतात, म्हणून आम्हाला तुकडेच मिळतात. ‘तुझं काय, बसल्या बसल्या होतं’ हे वाक्य वरून कौतुकाचं वाटतं, पण त्याचा अर्थ इतकाच, की तुझ्यासाठी वेगळा वेळ ठेवायचं कारण नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २८९ मिनिटं भरली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. क्रोशाची सुई या २८९ मिनिटांच्या फटींतून चालते.

या फटीतल्या कामाला मान मिळवून द्यायचा म्हणून हल्ली एक नवा सल्ला मिळतो. तोरण बघितलं रे बघितलं की येणारी पहिली मैत्रीण म्हणते, ‘अगं, किती सुंदर! ऑर्डरी घे ना!’ तिचा हेतू चांगलाच असतो आणि ज्यांना पैशांची गरज आहे त्यांनी जरूर घ्याव्यात. पण दर लावताना सुताचे पैसे धरले जातात, तासांचे कुणी धरत नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेसवर मारिया मीस यांचं १९८२ साली पुस्तक आलं. तिथल्या बायका घरात बसून परदेशी बाजारासाठी लेस विणत होत्या, आणि तरीही सगळे त्यांना ‘गृहिणी’च म्हणत होते, कामाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणत होते. फावला वेळ म्हटलं, की मजुरी पाडून द्यायला हरकत नसते. एका बाजूला बिनकामाचा टाइमपास, दुसऱ्या बाजूला बिनमजुरीचं काम. यांच्यामध्ये छंदाला उभं राहायला जागाच उरत नाही.

ती जागा मी आमच्या घरात मागून घेतली, आणि त्यासाठी विणकामाचे सरळ दोन भाग पाडले. एक पिशवीतलं काम. साधे खांब, सरळ ओळी, एकाच रंगाचं सूत. ते डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, मुलाच्या क्लासबाहेर, टीव्हीसमोर, कुठेही चालतं. त्यात कुणी हाक मारली तर उठायला माझी ना नसते. दुसरं टेबलावरचं काम. त्यात नमुना पुढ्यात ठेवून टाके मोजावे लागतात, चौदा म्हणताना कुणी ‘दूध किती घेऊ?’ विचारलं की साडेचौदा होतात. हे काम रविवारी चार ते सहा. तेवढा वेळ खोलीचं दार लावलेलं.

सुरुवातीला घराला हे जड गेलं. सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या, ‘अगं, विणायचंच आहे ना? मग बाहेर बसून विण की, आम्ही कुठे नको म्हणतोय!’ मी म्हटलं, ‘आई, बाहेर बसले की मी विणत नाही, उठत असते.’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मुलगा दार वाजवायला आला, तर त्यांनीच त्याला ‘सहापर्यंत आई नाहीये’ असं सांगून परत पाठवला. मी आत होते आणि ‘नाहीये’ हे माझं मलाच ऐकू येत होतं. इतकं सुखाचं वाक्य घरात बऱ्याच काळात कुणी उच्चारलं नव्हतं. त्या चार ते सहामध्ये चहा होतो, मोजे सापडतात आणि कुरिअरवाल्याला ओटीपीही मिळतो, असं दिसून आलं आहे.

तेव्हा छंदासाठी बायकांनी वेळ कसा काढावा, पहाटे उठावं की मुलं झोपल्यावर जागावं, असले सल्ले आता पुरे झाले. झोपेतून काढलेला वेळ हा वेळ नव्हे, ती उधारी आहे. सल्ला द्यायचाच तर घरातल्या बाकीच्यांना द्यावा, आणि तो एका ओळीचा आहे : ती ‘एवढी ओळ होऊ दे’ म्हणाली, की होऊ द्यावी. कुकरच्या शिट्ट्या कुणालाही मोजता येतात.